एमएस्सी फिजिक्स करता करता सोलर पंपाच्या कामावर पगारी ट्रेनिंग : सव्वा वर्षाचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगते की कंपनीचं नाव आणि कॉलेजचं नाव मी इथं घेणार नाही, कारण दोन्हीकडची माणसं अजून रोज भेटतात आणि तक्रारी पण मला मोकळेपणाने लिहायच्या आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातली, गाव आर्णी तालुक्यात, घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि मधात तुरीचे तास. अमरावती विद्यापीठाच्या हद्दीतल्या एका कॉलेजमधून एमएस्सी फिजिक्स केलं, २०२३ ची ॲडमिशन. म्हणजे आमचीच ती पहिली बॅच जिला नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न लागला आणि ज्याच्यात ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग कंपल्सरी झालं, ४ क्रेडिट, १२० तास. त्या १२० तासांपासून सुरू झालं आणि पुढे तेच काम मी पगारावर सव्वा वर्ष केलं, कॉलेज चालू ठेवून. तर शिकता शिकता पगारी काम हा प्रकार घ्यावा का, कसा घ्यावा, त्याच्यात फिजिक्स खरंच किती असते, हे सगळं लिहिते. जरा लांब होईल पण ज्याला गरज आहे तो वाचेल.

ओजेटी करायचं कुठं हा पहिला प्रश्न आला तेव्हा खरं सांगते वर्गात कोणालाच काही माहीत नव्हतं. सर म्हणाले आपापलं शोधा. आता कॉमर्सवाल्यांना सीएचं ऑफिस असते, केमिस्ट्रीवाल्यांना औषधाची, खताची लॅब सापडते, फिजिक्सवाल्यानं जायचं कुठं? नागपुरात जागा आहेत, नीरी ही पर्यावरणाची संशोधन संस्था आहे, वाडीला ॲल्युमिनियमचं संशोधन केंद्र आहे, एमआरसॅक आहे जिथं उपग्रहाच्या फोटोंवर काम चालते, हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. पण नागपूरला खोली करून राहायचं, मेस लावायची आणि महिनाभर फुकट काम करायचं हे आमच्या घरी बोलायची पण सोय नव्हती. चंद्रपूरचं थर्मल २९२० मेगावॉटचं, तिथं तर फिजिक्सच फिजिक्स, पण तेही आमच्यापासून लांब. मग बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर सेंटरवाल्यानं रेट काढला, पंधराशे रुपयात १२० तासांचं सर्टिफिकेट, शिक्क्यासहित, एक दिवस पण यायची गरज नाही. वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणांनी तेच घेतलं. मी त्यांना नाव ठेवणार नाही. ज्याला फुकटात १२० तास द्यायचे आणि वरून भाडं पण खिशातून घालायचं, तो पंधराशे देऊन मोकळा होते आणि तेवढ्या दिवसात वावरात मजुरीनं जाऊन ते पैसे काढते. हा दोष पोरांचा नाही, बिनपगारी ट्रेनिंगचा आहे, आणि हे मी पुढे परत लिहीन कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

मला जागा मिळाली ती अशी. आमच्या शेजारच्या वावरात कुसुम योजनेतला सोलर पंप बसत होता आणि बसवायला आलेल्या दोन पोट्ट्यांपैकी एक जण बाबांना सांगत होता की दर साइटचा रिपोर्ट भरायला माणूस भेटत नाही, रीडिंग कोणी नीट लिहित नाही, वरून फाइल परत येते. बाबा म्हणाले, "माही पोरगी फिजिक्स शिकून राह्यली, तिले विचारा." दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला त्यांच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे दोन गाळे, एकात पॅनल आणि पाइप, दुसऱ्यात टेबल. मालक पन्नाशीचे, स्वतः आयटीआय इलेक्ट्रिशियन. त्यांनी एवढंच विचारलं की मल्टिमीटर धरता येतो का आणि उन्हात फिरणं जमते का. १२० तास बिनपगारी, पहिल्या सेमच्या परीक्षेनंतर दहा दिवस आणि एप्रिलमध्ये दहा दिवस, रोज सहा तास, असं ठरलं. आणि काम पटलं तर परीक्षेनंतर पगारावर घेऊ. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून ओजेटीच्या पत्रावर लिहून घेतलं होतं, तुम्ही पण घ्या.

आता कामाचं सांगते. पहिले पाच सहा दिवस मी नुसती वही धरून होते, पॅनलचा सिरियल नंबर लिही, मोटरचा नंबर लिही, शेतकऱ्याची सही घे, फोटो काढ. हे काही फिजिक्स नाही आणि तेवढंच असतं तर मी एक स्टार दिला असता. फरक पडला तो दादामुळे, म्हणजे आमचा मेन टेक्निशियन, दहावी नंतर आयटीआय, वय तीस बत्तीस. सातव्या की आठव्या दिवशी मी चालू पंपाच्या लाइनमधला एमसी-फोर कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडायचा प्लग, ओढायला गेले, घरचा साधा प्लग काढतो तसा, आणि दादानं माझं मनगट धरून मागं खेचलं. "ताई, हे घरची लाइन नोहे, हे डीसी होय. याची ठिणगी इझत नाही." त्या दिवशी घरी येऊन मी विचार केला तेव्हा लक्षात आलं की हे तर मला माहीत होतं! एसी ५० हर्ट्झचा म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते, तिथं आर्क म्हणजे ती ठिणगी विझायला जागा भेटते, डीसीला शून्य येतच नाही म्हणून ४०० व्होल्टवर पेटलेली आर्क पेटूनच राहते. बीएस्सीला दोन्ही प्रकारचे करंट मी पाठ केले होते, साइन वेव्ह शंभर वेळा काढली होती, पण ती ओळ माझ्या मनगटापर्यंत कधी आली नव्हती. आणि दादाला साइन वेव्ह माहीत नव्हती पण त्याचं मनगट सगळं ओळखून होतं. त्यानंतर आमचं जमलं, तो मला हाताचं शिकवे आणि मी त्याला कारण सांगे, संध्याकाळी गाडीवर परत येता येता.

हातमोजे मात्र कंपनीनं मागून मागून तिसऱ्या आठवड्यात दिले. हे चूक आहे. ४०० व्होल्टच्या डीसीवर शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी मोजे आणि बूट मिळाले पाहिजेत, नसतील तर साइटवर जाऊच नका, सर्टिफिकेट गेलं तर जाऊ द्या.

परीक्षा झाली आणि मे च्या शेवटी मी पगारावर लागले, महिन्याला ९००० आणि पेट्रोल वेगळं. नेमका नवतपा सुरू, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. ज्यांना विदर्भातला नवतपा माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, सकाळी नऊलाच डोक्याला दुपट्टा बांधून निघायचं, पाण्याची कॅन आधी भरायची मग बाकीचं सामान. त्याच आठवड्यात तक्रारींचे फोन सुरू झाले, सगळ्यांचं एकच, ऊन एवढं तापलं आणि पंप पाणी कमी देऊन राहिला. एका साइटचं इथं सविस्तर लिहिते कारण मला जर कोणी विचारलं की एमएस्सीत शिकली काय तर मी हेच सांगते.

५ एचपीचा पंप, ५४० वॅटचे ९ पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे ४८६० वॅट. जानेवारीत बसवलेला. काकाजी धुऱ्यावरच उभे होते, आम्ही गाडी लावायच्या आधीच सुरू झाले, "काहो, पॅनल डुप्लिकेट देल्लं तुमी. पयले दांड भरून पाणी ये, आता दांडातच जिरून राह्यलं. ऊन तं पाहा कसं हाये, उन्हावर चालते म्हणता ना?" बरोबरच होतं त्यांचं म्हणणं, कोणालाही असंच वाटेल. दादानं पंप बंद करून, आयसोलेटर म्हणजे लाइन तोडायचा स्विच पाडून ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीच लोड नसतानाचा, घेतला तर मीटरवर ३९१. पॅनलच्या मागच्या लेबलवर एकाचा ४९.५ व्होल्ट, नऊचे झाले साडेचारशेच्या आसपास, ४४५. दादा म्हणाला पन्नासचा फरक म्हणजे एक पॅनल गेलं, बदलायला लागते, आणि त्यानं ऑफिसला फोन लावायला मोबाइल काढला.

मी म्हटलं दादा दोन मिनिटं थांब. आमच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता, बॅगेत पडून राहायचा, कोणी वापरत नव्हतं. पॅनलच्या मागून वेगवेगळ्या ठिकाणी मारला, ६५, ६७, ६६. लेबलवरचे आकडे हे २५ डिग्रीचे असतात, १००० वॅट प्रति चौरस मीटर उजेड आणि सेल २५ डिग्रीला, अशी लॅबमधली कंडिशन. आमच्या वावरात सेल ६६ ला, म्हणजे ४१ डिग्री जास्त. त्याच लेबलवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असते की दर डिग्रीला व्होल्टेज ०.२८ टक्के कमी होते. ४१ गुणिले ०.२८ म्हणजे साडेअकरा टक्के. ४४५ मधून साडेअकरा टक्के काढा, ३९४ येते. मीटरवर ३९१. पॅनल एकदम ठणठणीत! मी ते पॅनलच्या सावलीत मातीवर बसून काडीनं लिहून दाखवलं, दादानं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं आणि मोबाइल खिशात ठेवला.

पॅनलमधलं सिलिकॉन गरम झालं की त्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, जो १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आपण सगळे पाठ करतो, तो किंचित कमी होते आणि उलट्या दिशेचा सॅच्युरेशन करंट भराभर वाढते, म्हणून व्होल्टेज पडते. हे एमएस्सीच्या पेपरला पाच मार्काला येते. पण याचा अर्थ असा की सोलर पॅनलला ऊन पाहिजे, उष्णता नको, आणि विदर्भात मे महिन्यात दोन्ही सोबतच येतात. पॉवरचा हिशोब त्याच लेबलवर दर डिग्रीला ०.३५ टक्के, म्हणजे ४१ डिग्रीला १४ टक्के पॉवर गेली.

पण काकाजींचं पाणी १४ टक्क्यानं नाही, अर्ध्यानं कमी झालं होतं. मग बाकीचं कुठं गेलं? जानेवारीच्या रिपोर्टवर ड्रम टेस्ट लिहिलेली होती, २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदात, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. मी मोबाइलवर टायमर लावून परत घेतली, ७८ सेकंद. अडीच लिटरच्या थोडं वर. बोअरमध्ये पाण्याची पातळी पाहिली, दोरीला वजन बांधून सोडायचं आणि ओली दोरी मोजायची, साधी पद्धत आहे. जानेवारीत ३० मीटरवर पाणी होतं, आता ५० मीटर. पाणी जितकं खोलवरून उचलायचं तितकी शक्ती जास्त, तीच शक्ती असेल तर पाणी त्या प्रमाणात कमी. ३० भागिले ५० म्हणजे ०.६. त्याला उष्णतेचा ०.८६ गुणा, ०.५१६ येते. आणि आमचं मोजलेलं, ४० भागिले ७८, ते ०.५१३. हे दोन आकडे जेव्हा जुळले ना, तेव्हा मला जे वाटलं ते कॉलेजच्या पाच वर्षात एकदा पण वाटलं नव्हतं. पंपाची कार्यक्षमता पण हेड म्हणजे पाणी उचलायची उंची बदलली की थोडी बदलते, ते मी धरलं नव्हतं, त्यामुळे इतकं तंतोतंत जुळण्यात थोडा योगायोग आहे हे मला मान्य आहे, पण अर्धं पाणी कुठं गेलं याचं उत्तर सापडलं होतं.

काकाजींना मी सांगितलं, पॅनलही चांगलं, मोटरही चांगली, तुमच्या बोअरचं पाणी वीस मीटर खाली गेलं. ते थोडा वेळ बोअरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आता ऊन कमी झालं तरी पाणी येनार नाही. पाऊसच याले पाह्यजे." बरोबर समजले होते. मग त्यांनी अर्ध्या एकरातला भाजीपाला सोडून द्यायचा आणि पाणी फक्त संत्र्याला द्यायचं असं तिथंच ठरवलं. माझ्या गुणाकारावर एका माणसानं अर्धा एकर सोडला. त्या दिवसापासून मी रीडिंग दोनदा घेते.

यावरून कॉलेजच्या प्रॅक्टिकलचं लिहायलाच पाहिजे. आमच्याकडे जर्नल कसं भरतात ते सगळ्यांना माहीत आहे, सिनियरचं जर्नल घ्या, स्टँडर्ड व्हॅल्यू पुस्तकात बघा, मग उलटं करत रीडिंग बसवा. प्लँक कॉन्स्टंट सगळ्यांचा ६.६ च्या जवळपासच येते, एकाचा पण ५.९ येत नाही. साइटवर स्टँडर्ड व्हॅल्यू नावाची गोष्टच नाही, मीटरवर जे आलं ते आलं आणि ते का आलं हे तुम्हाला शोधावं लागते. तिसऱ्या सेमला सोलर सेलची कॅरॅक्टरिस्टिक्स करताना मी खरी रीडिंग घेतली, दिवा जवळ ठेवल्यानं सेल तापते आणि शेवटची रीडिंग सरकते ते पण लिहिलं, फिल फॅक्टर, म्हणजे सेल किती चांगला ते सांगणारा आकडा, कमी आला तोच ठेवला. सरांनी पहिल्यांदा म्हटलं चुकलं, मग कारण ऐकून सही केली, आणि पुढच्या बॅचला दिव्याच्या आणि सेलच्या मधात पाण्याचं काचेचं भांडं ठेवायला लावलं. सरांचे मी आभार मानते याच्यासाठी, कोणी कोणी ऐकून पण घेत नाही.

अजून खूप गोष्टी आहेत, सगळ्या लिहित बसले तर रात्र होईल. काळ्या मातीचं अर्थिंग मे मध्ये भेगा पडल्या की रॉडपासून माती सुटते, पावसाळ्यात ३ ओहम असलेलं रीडिंग ११ वर गेलेलं मी स्वतः पाहिलं, आणि विजा नेमक्या मृगाच्या तोंडावर पडतात, माती कोरडी असतानाच. बाभळीच्या एका फांदीची सावली एका पॅनलवर पडली की सिरीजमधला करंट अडते आणि करंटला बाजूनं वाट देणारा बायपास डायोड नसता तर तो सेल जळला असता. पॅनल धुवायचं तर पहाटे, भर दुपारी तापलेल्या काचेवर बोअरचं थंड पाणी मारायचं नाही. हे प्रत्येक वाक्य सिलॅबसमध्ये कुठं ना कुठं आहे.

आता पैशाचं, आणि हे मोकळं लिहिते. जिल्ह्याला खोलीत आम्ही तिघी, माझ्या वाट्याला भाडं आणि मेस मिळून महिन्याला चारेक हजार. एसटीला २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून दर शनिवारी येणं परवडलं, नाही तर ते पण जमलं नसतं. सेम चालू असताना मी शनिवार रविवार काम केलं, दिवसाला ४००, महिन्याचे झाले ३२०० च्या आसपास. म्हणजे बाबांकडून महिन्याला आठशे ते हजार रुपये मागायचे फक्त. त्या वर्षी सोयाबीनचा भाव काय होता सगळ्यांना आठवत असेल. मी जर ओजेटीचे १२० तास करून थांबले असते तर चौथ्या सेमला घरी बसले असते, हे मी अंदाजानं नाही, वहीतल्या हिशोबावरून सांगते. म्हणून जे म्हणतात की शिकायच्या वयात पैशाकडे पाहू नये, त्यांना माझी विनंती आहे की एकदा आमच्या गावातून सकाळच्या सहाच्या एसटीनं येऊन पाहावं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला तिच्या मामांनी सांगितलं की मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणचा फॉर्म भर, पदवीधराला महिन्याला १०,००० भेटतात. भेटतात, २०२४ ला आली ती योजना, पण ज्याचं शिक्षण चालू आहे त्याला ती लागू नाही. पंतप्रधान इंटर्नशिपचं पण तेव्हा तसंच होतं, ५००० महिना, पूर्णवेळ शिकणाऱ्याला चालत नव्हतं. म्हणजे जो शिकून राहिला त्यालाच दार बंद. यात गोंधळू नका, फॉर्म भरायला नेट कॅफेवाले पन्नास शंभर घेतात आणि नंतर रिजेक्ट होते. शिक्षण संपल्यावर मात्र दुसरा एक रस्ता आहे जो आमच्याकडे कोणी सांगत नाही, ॲप्रेंटिसशिप. कायदा १९६१ चा, इंजिनिअरिंगची पदवी, पदविका झालेल्यांना १९७३ पासून त्यात घेतलं, आणि साधी बीएस्सी बीए वाली पदवी २०१४ च्या दुरुस्तीनंतर आली. २०१९ च्या नियमात पदवीधराला कमीत कमी ९००० ठरवले होते, आणि नॅट्स या केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप योजनेतून घेतलं तर त्या कमीत कमी रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार देते. आमच्या मालकांना हे माहीत नव्हतं, मी सांगितलं तर म्हणाले अर्धे सरकार देते तर दोघांना घेऊ. आता यूजीसीनं २०२५ मध्ये पदवीच्या आतच ॲप्रेंटिसशिप बसवायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, तर ज्युनियरनी आपल्या कॉलेजला विचारत राहावं.

एक सर मला म्हणाले होते की हे पॉलिटेक्निकवाल्यांचं काम आहे, एमएस्सी फिजिक्सनं नेट सेटचा अभ्यास करावा. मी त्यांचा मान राखून सांगते की मला हे पटत नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ ला इंजिनिअरिंगच्या पोरांना आलटून पालटून कारखान्यात आणि वर्गात पाठवायला सुरुवात झाली, कॅनडात वॉटर्लू विद्यापीठ १९५७ ला याच पद्धतीवर उभं राहिलं आणि तिथं आज फिजिक्सला पण को-ऑप, म्हणजे हीच आलटून पालटून पद्धत, घेता येते. आपल्याकडे बिट्स पिलानीनं प्रॅक्टिस स्कूल, म्हणजे पोरांना शिकायला कंपनीत पाठवायचं, १९७३ ला सुरू केलं. इंग्लंडमधल्या कितीतरी विद्यापीठात फिजिक्सच्या पदवीच्या मधात एक पूर्ण वर्ष कंपनीत पगारावर काढायची सोय आहे. म्हणजे हे काही हलकं काम नाही. आणि नेटचा अभ्यास मी करूनच राहिले, सॉलिड स्टेट आणि इलेक्ट्रॉनिक्सचे प्रश्न मला आता जास्त सोपे जातात, क्लासिकल मेकॅनिक्सला काही फायदा झाला नाही, ते खरं आहे.

एक स्टार कशाचा कापला ते सांगते. पहिलं म्हणजे पगार वेळेवर नाही. मालक माणूस वाईट नाही, पण वरून बिल निघाल्याशिवाय ते देऊ शकत नव्हते आणि एकदा तर अडीच महिने थकले, दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा मेसच्या मावशींनी उधार खाऊ घातलं. शिकणाऱ्या पोरीचे सहा सात हजार अडवून धंदा चालवणं बरोबर नाही आणि मी हे त्यांना तोंडावर पण सांगितलं. दुसरं कॉलेजचं. ओजेटी कंपल्सरी केलं पण त्याच दिवसात कॉलेजची इंटर्नल परीक्षा ठेवली, मी साइटवर होते, ते मार्क गेले ते गेले. एक साधं पत्रक आधी लावलं असतं तरी चाललं असतं. आणि ७५ टक्के हजेरीत ओजेटीचे दिवस धरायचे का नाही, हे प्रत्येक जण वेगळं सांगायचा, शेवटी मी रोजचे तास आणि साइटवर कोण होतं ते लिहून दादाची सही घेतलेली वही नेऊन ठेवली तेव्हा मान्य झालं. ज्यांनी नुसतं सर्टिफिकेट विकत घेतलं त्यांना कोणी काही विचारलं नाही याचं वाईट वाटलं.

मुली विचारतात की वावरावावरात पोट्ट्यांसोबत फिरायला घरचे कसे हो म्हणाले. बाबा हो म्हणाले, आई नाही म्हणाली. मग पहिल्या तीन साइटवर बाबा स्वतः त्यांच्या गाडीवर मागे मागे आले, धुऱ्यावर बसून राहिले, चौथ्या दिवशी म्हणाले आता तू जा. मालकांशी मी दोन गोष्टी आधीच बोलून घेतल्या होत्या, संध्याकाळी सहानंतर साइट नाही आणि लांबच्या गावाला जायचं तर जिथं घर आहे, बाया आहेत अशाच ठिकाणी जेवणाची सुट्टी. लघवीला जायची सोय हा खरा त्रास आहे, कुठल्याच साइटवर नसते, म्हणून मुली पाणी कमी पितात आणि नवतप्यात ते जिवावर बेतू शकते. मी शेतकऱ्याच्या घरीच आधी थांबायचं असं दादाला सांगून ठेवलं होतं आणि त्यानं ते कधी विसरलं नाही. शेतकऱ्यांच्या बायका तर मीटर हातात घेऊन पाहायच्या, एकीनं मला विचारलं, "बाई, हे शिकाले किती वर्स लागतात?" तिची मुलगी नववीत होती.

जागा शोधताना सोलरच पाहिजे असं नाही. जिनिंगमध्ये कापसातला ओलावा मोजतात, दूध डेअरीत रेफ्रिजरेशन आहे, तालुक्याच्या एक्सरे सेंटरला पण विचारता येते पण तिथं अंगाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा बॅज मिळतो का हे आधी बघा, नसेल देत तर पाय ठेवू नका. जिथं मोजायचं काम आहे तिथं जा. नुसतं मोबाइलवर फोटो अपलोड करायला ठेवत असतील तर दहाव्या दिवशी सोडा.

आणि सोलर पंपाचंच करायचं असेल तर फेब्रुवारी ते जून पकडा. आता मागेल त्याला सौर पंप योजना आल्यापासून काम भरपूर आहे, जनरलला १० टक्के आणि एससी एसटीला ५ टक्केच भरावे लागतात म्हणून गावोगाव बसून राहिले. पण जुलै ऑगस्टमध्ये काळ्या मातीत गाडी फसते, साइट बंद राहते आणि साइट बंद तर ४०० पण बंद. मागच्या पावसाळ्यात मी असे सहा शनिवार एसटीचं तिकीट काढून येऊन रिकाम्या हातानं परत गेले, म्हणून निघायच्या आधी दादाला फोन करून विचारत जा की पाणी किती पडलं.